तिकडं धंदा, इकडं पैज

दिवाळीला सांगलीला गेलतो तेव्हा घरात एकच विषय. तासगावजवळची आमची द्राक्षबाग धाकटा चुलतभाऊ बघतो, त्यानं बेदाण्याच्या पट्टीचे तीन लाख चाळीस हजार शेअरबाजारातल्या ऑप्शनमध्ये (भाव पुढं वर जाईल की खाली यावरचे सौदे) घालवले. काका म्हणत होते त्याचा मोबाईल काढून घ्या आधी. आमचे मेव्हणे स्वतः शेअर घेऊन वर्षानुवर्षं विसरून जाणाऱ्यातले, ते म्हणत होते मोबाईलनं काय केलंय, इंटरनेट आलं म्हणून तर तासगावच्या पोराला मुंबईच्या ब्रोकरचे पाय धरावे लागत नाहीत, मराठी माणूस बाजारात येत नाही म्हणून रडायचं आणि आला की परत गळा काढायचा. मग सगळे माझ्याकडं वळले, तुमच्या इंग्लंडात काय करतात? तेव्हा चिवडा खात वेळ मारून नेली, आता लीड्सला येऊन सुचतंय ते लिहितोय.

मेव्हण्यांचं अर्धं खरंय. वडलांनी शेअर घेतले ते कागदी सर्टिफिकेटच्या जमान्यात, फॉर्म भरा, पोस्टानं पाठवा, मग महिनोन्महिने वाट बघा, एकदा तर सही जुळत नाही म्हणून अख्खा गठ्ठा परत आलता, तो लिफाफा आईच्या कपाटात अजून आहे. एनएसई या शेअरबाजारानं १९९४ ला शेअर स्क्रीनवर आणले, १९९६ ला डिमॅट (कागदाऐवजी खात्यात शेअर) आलं, २००० ला बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं इंटरनेटवरनं सौदे करायला परवानगी दिली, आणि जानेवारी २०२३ पासून तर आज विकलेल्या शेअरचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकता होतो. अमेरिकेला हे जमायला मे २०२४ उजाडलं. आम्ही ब्रिटनवाले अजून दोन दिवसांच्या पद्धतीवर, बदलायची तारीख ऑक्टोबर २०२७ ची ठरलीय. इकडं ऑफिसात सांगितलं तर लोकांना आधी खरंच वाटत नाही.

पण काका बोलत होते ते वेगळंच होतं. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी होते. तिथं माल डोळ्यांसमोर असायचा, हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि मग बोली, आणि एखादा गडी तोल सोडून भाव वाढवायला लागला की अडत्याच म्हणायचा, "बास कर मर्दा, घरी काय सांगणारेस?" (उचलीवर तोच अडत्या व्याज किती लावायचा हे काका सांगत नाहीत, तो भाग सोडा.) ॲपला तुमचं घर माहीत नसतं. अडत गेली, दलाली जवळपास गेली, आणि त्याच्याबरोबर बास कर म्हणणारा माणूस पण गेला.

आता कुणी म्हणेल सूचना असते की. असते. जुलै २०२३ पासून लॉगिन केलं की चौकट येते, फ्युचर-ऑप्शनमध्ये दहातल्या नऊ जणांचा तोटा होतो म्हणून. भावानं माझ्यासमोर ॲप उघडलं, चौकट आली, अंगठा पडला, चौकट गेली, एक सेकंद पण नाही लागला. म्हटलं काय लिहिलंतं? "कायतरी सेबीचं असतंय." सगळं इंग्रजीत. सप्टेंबर २०२४ ला सेबीनं तीन वर्षांचा हिशेब काढला, शंभरातले ९३ जण तोट्यात आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा मी जेवताना सांगितला तर भाऊ म्हणाला, "म्हणजे सात जण कमवत्यात की."

ब्रिटनमध्ये पण असल्या ॲपच्या जाहिरातीतच आमचे इतके टक्के गिऱ्हाईक पैसे गमावतात हे छापावं लागतं. म्हणून कोण थांबतंय असं नाही. फरक मला दिसतो तो दुसरीकडंच. इथं निर्देशांक (बाजाराचा एकूण आकडा, आपल्या सेन्सेक्ससारखा) वर जाणार की खाली यावर पैसे लावायचा एक प्रकार आहे, त्याचं नावच स्प्रेड बेटिंग. जिंकलात तर सहसा टॅक्स नाही, कारण कायदा त्याला पैज समजतो, घोड्यावर लावतात तशी. आपल्याकडं ऑप्शनचा नफा-तोटा रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न म्हणून जातो, आणि गंमत म्हणजे शेअरच्या इंट्राडेला (त्याच दिवशी घेऊन विकण्याला) कायदा सट्टा म्हणतो पण फ्युचर-ऑप्शनला म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल शब्दानं काय होतंय. माझ्या ऑफिसातल्या एकाचे असेच पैसे गेले, तो म्हणाला पैज हरलो, चार दिवस तोंड पाडून बसला आणि थांबला. आमचा भाऊ म्हणाला भांडवल कमी पडलं. धंदा म्हटल्यावर भांडवल आलंच, आणि भांडवल कमी पडलं की कर्ज काढण्यात काही गैर वाटत नाही, सोसायटीचं पीककर्ज उचललं ते बागेला न जाता तिकडंच गेलं. वर लग्नाच्या बायोडाटात "शेती व ट्रेडिंग". नोव्हेंबर २०२४ पासून सेबीनं निर्देशांकाचा नवा लॉट (एका सौद्याचा ठोक) किमान पंधरा लाखाचा केला, एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची आठवड्याची एक्सपायरी (सौद्याची मुदत संपणं) ठेवली, उंबरा उंच केला म्हणजे बारके लोक येणार नाहीत हा हिशेब. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच निघाला की आता जास्त भांडवल लागतंय.

मला स्वतःला भारतात इंट्राडे करायची सोयच नाही, एनआरआयला शेअर डिलिव्हरीनंच, म्हणजे पूर्ण पैसे भरून खात्यात, घ्यावे लागतात. नियम कटकटीचा आहे, पण माझे किती पैसे त्यानं वाचवले असतील देव जाणे.

हे सगळं मी भावाला व्हॉट्सॲपवर नीट समजावून लिहिलं, पैज आणि धंदा, टॅक्स वगैरे. तिकडं सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा इकडं हिवाळ्यात पहाटेचे पावणेचार वाजलेले असतात. काल त्याच वेळेला फोन वाजला, मी दचकून उठलो, म्हटलं घरी काय झालं काय. त्याचा मेसेज होता : "दादा, तिकडं टॅक्स नाही म्हणतोस त्याचं खातं तुझ्या नावानं निघंल का?"