पहिल्यांदा नोंदवले म्हणून नाव आपले होत नाही

ऑक्टोबर 2024 मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम या नावावरून भारतात रंगलेला वाद मी इंग्लंडमध्ये बसून वाचत होतो. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुण ॲप डेव्हलपरने हे नाव 2023 मध्येच नोंदवून ठेवले होते आणि त्याच्या बदल्यात केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च कंपनीने उचलावा, अशी त्याची विनंती होती. आमच्या मराठी मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर बहुतेकांचा कौल त्याच्या बाजूने पडला. एवढ्या बलाढ्य कंपनीला एका पोराची फी जड होती का, असा एकंदर सूर होता. त्याच्या शिकण्याच्या इच्छेबद्दल मला आदर आहे. परंतु ज्या नावाला किंमत दुसऱ्याच्या लौकिकामुळे आली, ते केवळ आधी नोंदवल्याने आपल्या मालकीचे होते, हे मला मान्य नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न 1998 मध्येच अपील न्यायालयात गेला होता. ‘वन इन अ मिलियन’ या कंपनीमागच्या दोघांनी मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन अशा नामवंतांच्या नावांची डोमेन, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, नोंदवली होती, आणि बर्गर किंगकडे तर एका डोमेनसाठी 25,000 पौंड अधिक व्हॅट मागितला होता. त्या नावांवर एकही वस्तू विकली गेली नव्हती, तरीही अशी नावे बाळगणे म्हणजे फसवणुकीचे साधन हाती ठेवणे होय, असे न्यायालयाने ठरवले.

भारतात कायदाच नाही, असे गटावर वारंवार लिहिले गेले, तेही अर्धसत्य आहे. डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही, हे खरे. पण आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्यास मनाई करणारे ‘पासिंग ऑफ’चे तत्त्व इंग्रजी कायद्यातूनच तिकडे गेले आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानेही ते अबाधित ठेवले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ या संकेतस्थळाचे प्रकरण आले; त्याच्याशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे डोमेन दुसऱ्याने घेतले होते. हे नाव कसे सुचले, यावर प्रतिवादीचा खुलासा असा होता की रॅडिकलची पहिली तीन अक्षरे आणि इन्फर्मेशन, फ्यूचर व फ्री यांचे एकेक आद्याक्षर जोडून ते तयार झाले. पुढे सिफी या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात प्रतिवादीचे ‘सिफीनेट’ हे नाव पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांतून आले, असे सांगण्यात आले. आद्याक्षरांचे हे योगायोग दोन्ही न्यायालयांच्या गळी उतरले नाहीत. सिफीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले की डोमेन हा निव्वळ पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे आणि तिला पासिंग ऑफचे संरक्षण मिळते.

तेव्हा उणीव तत्त्वात नाही. ती कुठे आहे, हे नाशिकला मसाल्यांचा धंदा असलेल्या माझ्या मावसभावाच्या अनुभवातून दिसते. त्याचे संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले आणि पैशांवरून बिनसल्यावर ते सोडायला नकार दिला. ट्रेडमार्क नोंदवलेला नव्हता. तो असता तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 नुसार आपल्याच गावच्या जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा लावता आला असता. पासिंग ऑफच्या दाव्याला ती सवलत नाही, शिवाय जुनी बिले, पाकिटांवरची लेबले, जाहिरातींची कात्रणे गोळा करून लौकिक सिद्ध करावा लागतो. डोमेन डॉट कॉम असल्याने वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार करता आली असती, पण तिथे एका पंचाचे शुल्कच 1,500 डॉलर आहे. अखेर त्याने दुसरे नाव घेतले आणि नवी पाकिटे छापली. छोट्या उद्योजकाला मालाच्या एका वर्गातील ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जासाठी 4,500 रुपये शुल्क पडते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. जिओच्या वकिलांची चिंता वाहणाऱ्या किंवा त्यांना शिव्या घालणाऱ्या आपल्या चर्चेत या दुकानदाराला जागाच नाही.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. डॉट यूके नावांचा कारभार पाहणाऱ्या नॉमिनेटकडेही तज्ज्ञाचा सविस्तर निर्णय हवा असेल तर 750 पौंड आणि वर व्हॅट मोजावा लागतो, जो कोपऱ्यावरच्या दुकानाला परवडणारा नाही. परंतु त्याआधी, प्रतिवादीने उत्तर दिले की, नॉमिनेटचा मध्यस्थ दोन्ही बाजूंशी विनामूल्य बोलतो, आणि ते बोलणे गोपनीय राहते. वेब डिझायनर आणि दुकानदार यांच्यातील थकलेल्या बिलाचे भांडण अशा फोनवरच मिटू शकते. भारतात डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेची तक्रार यंत्रणा 2005 पासून आहे, पण तिचा मार्ग लवादाचा. त्या लवादाच्या अलीकडे निक्सीने विनाशुल्क मध्यस्थीची एक पायरी बांधावी, आणि ती मराठीसह भारतीय भाषांतून चालावी, ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.