पानेराई आणि इटालियन नौदल: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की फ्लोरेन्सच्या पानेराई या कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली घड्याळं मुळात रोलेक्सची होती, त्यामुळे 'इटालियन नौदलाचा वारसा' ही नंतर रचलेली जाहिरात आहे. पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही.

पानेराईच्या त्या काळातल्या 3646 मॉडेलची 47 मिमीची केस, मळसूत्री चावी (केसच्या बाजूचं, फिरवून आवळायचं बटण) आणि कॉर्टेबर्ट कंपनीच्या खिशातल्या घड्याळावरून घेतलेली मशीन हे सगळं रोलेक्सकडून फ्लोरेन्सला जायचं. पानेराईचं काम डायलचं. इटालियन नौदलाला हे लोक आधीपासून अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या लेपाची उपकरणं पुरवत होते. पाण्याखाली पोहत जाणाऱ्या सैनिकांसाठी मनगटावरचं होकायंत्र आणि खोलीमापकही त्यांचंच. डायलच्या वरच्या थरात आकडे आरपार कापलेले आणि लेप खालून, त्यामुळे तो जाड भरता यायचा. रात्रीच्या गढूळ बंदरात नेमका हाच उपयोग.

'इतकंसं पाणीरोधक घड्याळ युद्धात काय कामाचं?' असंही तुम्ही विचारलंत. हे पाण्याखाली जाणारे सैनिक शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घ्यायचे. बुडबुडे सुटत नाहीत म्हणून शत्रूला पत्ता लागत नाही, पण सहा-सात मीटरच्या खाली ऑक्सिजनच विषारी ठरू लागतो आणि झटके येतात. म्हणजे घड्याळाआधी माणूसच थांबतो. आजच्या काही घड्याळांवरचा 300 मीटर खोलीचा आकडा शोरूमसाठी. डिसेंबर 1941 मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सहा इटालियन सैनिकांनी तीन 'मायाले' टॉर्पेडोंवर (वर बसून पाण्याखाली चालवायचे टॉर्पेडो) स्वार होऊन व्हॅलियंट आणि क्वीन एलिझाबेथ या ब्रिटिश युद्धनौका बंदराच्या तळाला टेकवल्या. सुरुंग ठराविक वेळाने फुटणारे, म्हणून वेळ बघणं कामाचाच भाग. पण या मोहिमेचं श्रेय घड्याळाला देणारी जाहिरात मात्र मलाही खटकते.

खरी अडचण चावीची. हाताने चावी द्यायची मशीन, म्हणजे मळसूत्र वरचेवर सोडायचं आणि आवळायचं. आटे झिजतात, वॉशर दबून सैल पडतं आणि पाणी शिरतं. म्हणून 1950 च्या दशकात चावीवरचा तो प्रसिद्ध तरफेचा पूल आला: चावी फिरवून आवळायची नाही, तरफ बंद केली की चावी सरळ केसवर दाबली जाते. पानेराईच्या आजच्या ल्युमिनॉर मॉडेलमध्येही हेच. तरफ उघडी असेल तर घड्याळ पाणीरोधक नाही. ती सैल मिटत असेल तर दाब पुरेसा नाही. पाण्यात नेण्याआधी दाबचाचणी करून घ्या.

सामान्य ग्राहकांना ही घड्याळं 1993 पासून मिळू लागली, आणि 1997 मध्ये ब्रँड व्हँडोम या चैनीच्या वस्तूंच्या समूहाकडे गेला. जाहिरातीचा मोठा गाजावाजा त्यानंतरचा, तिथे तुमच्याशी वाद नाही.

तुम्ही जुनं 3646 पाहायला जाणार आहात, म्हणून एवढंच: डायल चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं. निकामी होतं ते लेपातलं झिंक सल्फाइड, म्हणजे रेडियमच्या किरणांनी चमकणारा पदार्थ. मागचं झाकण घरी उघडू नका, लेप खरवडू नका. सुटलेली भुकटी श्वासातून आत जाणं, हा खरा धोका. उघडायचंच असेल तर रेडियमच्या डायलचं काम करणाऱ्या कारागिराकडेच द्या.