लाल अधिक पांढरी म्हणजे रोझे?

वाइनबद्दलचा एक फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: काळ्या द्राक्षांची लाल वाइन होते, हिरव्यांची पांढरी, दोन्ही मिसळली की गुलाबी रोझे, गोड वाइन म्हणजे वरून ओतलेली साखर आणि शॅम्पेन म्हणजे सोड्यासारखा भरलेला गॅस. लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास दांडगा आहे, माहिती तेवढी नाही.

रंगाचं आधी बघू. एखादं काळं द्राक्ष सोला आणि नुसता गर बशीत पिळा. रस जवळजवळ बिनरंगाचा निघतो. (आलिकांते बुशेसारख्या मोजक्या जातींचा गरही लाल असतो, पण तो अपवाद.) रंग असतो सालीत. लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात आणि वर तरंगणारा सालींचा थर पुन्हा पुन्हा खाली दाबतात, म्हणजे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. पांढरीसाठी द्राक्षं आधी पिळून साली काढून टाकतात, मग रस आंबवतात. म्हणूनच पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते. उलट, हिरवी द्राक्षं सालींसकट आंबवली की अंबर रंगाची वाइन मिळते. जॉर्जिया या देशात ती जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत करतात.

रोझे बहुतेकदा काळ्या द्राक्षांचीच असते. साली काही तास रसात ठेवायच्या आणि वेळीच काढायच्या. २००९ मध्ये युरोपियन कमिशनने साध्या वाइनपुरती लाल-पांढरी मिसळून रोझे करायला परवानगी द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा उत्पादकांनी असा गदारोळ केला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. फॉरवर्डवाल्याला इथे अर्धा गुण देतो: रोझे शॅम्पेन मात्र राजरोस मिसळून करतात.

गोडीचं गणित यीस्टचं आहे. ते साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. त्याला मध्येच थांबवलं की साखर उरते. पोर्ट ही गोड वाइन करताना निम्मी साखर शिल्लक असतानाच सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात, यीस्टचा कारभार तिथेच आटोपतो. आइसवाइनची द्राक्षं वेलीवरच गोठतात. कॅनडात उणे ८ अंश किंवा त्याखालीच ती तोडायची असा नियम आहे. पिळताना पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि दाट गोड रस तेवढा निघतो. काही थंड प्रदेशांत आंबण्याआधी रसात साखर घालतात खरी, पण ती अल्कोहोल वाढवायला.

उरला गॅस. काही स्वस्त फेसाळ वाइनमध्ये तो भरतात, मान्य. शॅम्पेनमध्ये तो बाटलीतच तयार होतो. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. ती पुन्हा आंबते आणि आतला दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. किमान १५ महिने मुरवायची. मग बाटली तोंड खाली करून थोडी थोडी फिरवत मेलेल्या यीस्टचा गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची, झाकण उघडायचं. गोठलेला गाळ फट्कन बाहेर उडतो. सांडलेल्याची भर घालताना वाइनबरोबर बहुतेकदा थोडी साखरही जाते. ब्रूत या कमी गोड प्रकारात लिटरला १२ ग्रॅमच्या आत. म्हणजे साखर वरून पडते ती इथे, आणि नेमकी इथेच फॉरवर्डवाल्याला गॅसची टाकी दिसली.