किल्लारीत म्हणे दगडमातीची घरं तरली!

'सिमेंट सोडा, मातीकडे चला' असा एक लांबलचक मेसेज सध्या लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी डिलीट करून सोडून दिला असता. पण औशाकडे घर बांधायला काढलेल्या माझ्या मेव्हण्याने तो वाचून गवंड्याला सांगितलं, लिंटेलचा पट्टा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींत फिरणारा सलग पट्टा, नको. कारण मेसेजचा तिसरा मुद्दा: 'किल्लारीच्या भूकंपात सिमेंटची घरं पडली, आजोबांची दगडमातीची घरं तशीच उभी राहिली.'

हे लिहिणारा कुठल्या किल्लारीला गेला होता?

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. आयआयटी कानपूरच्या भूकंप-टिपांपैकी सोळावी टीप दगडी घरांवर आहे. तिच्यात सरळ लिहिलंय की किल्लारीत आठ हजारांवर माणसं गेली आणि त्यातली बहुतेक पारंपरिक दगडी घरांच्या ढिगाऱ्याखाली. दोन ते चार फूट जाडीच्या त्या भिंती दिसायला किल्ल्यासारख्या. पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि चिखल. हादरा बसला की दोन्ही थर सुटून दोन बाजूंना पडतात. वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे चार टनांच्या वर वजन, आणि गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर.

आता अर्धं खरं आहे तेवढं देऊन टाकतो. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भूकंपानंतरही उभा होता. पण तरलं ते लाकूड, भिंती नव्हेत. आणि त्याच टिपेत उपायही आहे: भिंत दीड फुटाच्या वर जाड नको, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत जास्तीत जास्त चार फुटांवर आरपार जाणारा दगड हवा, आणि चारी भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा हवा. मेव्हण्याने रद्द केला तोच पट्टा!

'घराखालचीच माती वापरा' हा मुद्दा लिहिणाऱ्याने मराठवाड्यातलं शेत उन्हाळ्यात बघावं. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिची भिंत कोण घालतं? आपले जुने लोकही पांढरी मातीच शोधून आणायचे.

'लाल वीट नैसर्गिक, राखेची वीट विषारी' म्हणे. लाल विटेला शेताच्या वरच्या थरातली सुपीक माती लागते आणि भट्टीला जळण. राख तर परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रातून निघतेच आहे. विटेत गेली नाही तर तळ्यात साचणार, नाहीतर वाऱ्यावर उडणार. वीज केंद्रांच्या आसपास ही राख बांधकामात वापरा, असं केंद्र सरकारने १९९९ मध्येच अधिसूचना काढून सांगितलंय.

सिमेंटमुळे जगाचा सात-आठ टक्के कार्बन वायू होतो हे मात्र खरं, आणि मातीची भिंत मे महिन्यात गार राहते हेही. म्हणून सिमेंट कमी वापरायचंच असेल तर आतला गिलावा चुन्याचा करा, कंपाउंडला दगड लावा, गरज नसेल तिथला स्लॅब टाळा. मेव्हण्याला एवढंच कळवलंय, आणि गवंड्याला वेगळा फोन केलाय: पट्टा पडल्याशिवाय वरची वीट लावायची नाही.