वाफ सोडायची तर तोरणाखाली सोडा

माणूस चिडला, बोलून मोकळा झाला की इंग्रजीत म्हणतात, 'लेट ऑफ स्टीम' केलं. मूळ वाफेच्या इंजिनातलं. बॉयलरमधला दाब ठरल्यापेक्षा वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, वाफ निघून जाते, बॉयलर वाचतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या जुन्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आमची शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेवरच चालायची.

पण माणूस काही बॉयलर नाही. आदळआपट करून राग उतरतोच असं नाही. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांचा 2002 मध्ये छापून आलेला प्रयोग आहे: ज्याचा राग आला त्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे विद्यार्थी आणखीच तापले, नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा थंड होते. एवढं लांब कशाला, आपल्या गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. रात्री कापसाच्या भावावरून सुरू झालेलं सकाळपर्यंत शेताच्या धुऱ्याच्या भांडणावर आलेलं असते.

मग पोळ्याच्या झडत्यांनी, म्हणजे बैलांसमोर म्हणायच्या टोमण्याच्या यमकी कवनांनी, जीव हलका कसा होतो? तोरणाखाली बैलजोड्या उभ्या, त्यांच्या कपाळावर सजावटीच्या मठाठ्या बांधलेल्या, सारं गाव जमलेलं. मागच्या साली आमच्या शेजारच्या काकांनी म्हटली:

डीपी जळली पोळ्याले,
लाइनमन येते दिवाळीले,
पऱ्हाटी वाळली उभ्याउभ्या,
साहेब गेले सासुरवाडीले!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

लाइनमन तिथंच उभा होता. सगळ्यांत जास्त तोच हसला. मग काकांजवळ येऊन म्हणे, "काका, वरूनच ट्रान्सफॉर्मरचं तेल नाही आलं, मी काय करू?" वर्षभर ऑफिसात न मिळालेलं उत्तर तिथं मिळालं. (यमक जुळवता जुळवता काकांचा अर्धा राग आधीच गेला असंन, तो भाग वेगळा.)

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. ज्याच्याबद्दल बोलता तो समोर पाहिजे, आणि त्याला उत्तर द्यायची जागा पाहिजे. स्टेटसवर टाकलेली शिवी त्याच्या कानावर कधी जात नाही, गेली तर उलट पोलिसात जाते.

आणि यंदा काही शहाण्यांचं म्हणणं आहे की झडत्यांमध्ये 'राजकारण नको', फक्त बैलाचं कौतुक करा. अरे, सावकाराला, पाटलाला, सरकारला टोमणा नसन तर ती झडती कशाची? अशा झडतीला बक्षीस नका देऊ, चालते. काकांची यंदाची झडती पीकविम्यावर तयार आहे, आणि विम्यावाल्या साहेबाला पोळ्याचं आवतन मी स्वतः देऊन आलो.