इलेक्टिव्ह यशस्वी करायचीय? मग पेशंटपासून लांब राहा

एमबीबीएसचं थर्ड पार्ट वन (तिसरं वर्ष) सुटलेले ज्युनियर्स रोज विचारतायत, ताई, इलेक्टिव्हचं, म्हणजे स्वतः विषय निवडून करायच्या पोस्टिंगचं, कसं करायचं? तर बाळांनो, नीट ऐका. परवाच माझ्या लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, शेवटची सही झालीय, म्हणजे आता मी या विषयातली तज्ज्ञ.

विषय आवडीने निवडायच्या भानगडीत पडू नका. 2019 च्या करिक्युलममध्ये इलेक्टिव्ह दोन महिने होती, 2023 च्या नियमांत एकच महिना राहिला, पंधरा-पंधरा दिवसांचे दोन ब्लॉक. एवढ्यात आवड कुठे जोपासणार? जिथले सर लवकर सोडतात तिथे नाव द्या. नाहीतर ज्यांचा रिसर्च पेपर अडलाय त्यांच्याकडे जा, जुन्या केसपेपरवरची वयं एक्सेलमध्ये टाकता टाकता रिसर्च आपोआप येतो म्हणे.

स्टेथो गळ्यात पाहिजेच. कानात घालायची सक्ती नाही.

75 टक्के अटेंडन्स आणि पूर्ण लॉगबुक नसेल तर फायनलला बसता येत नाही. म्हणून नऊला सही, सव्वानऊला लायब्ररी, तिथे पीजी एन्ट्रन्सचे एमसीक्यू, पर्यायातून ऑप्शन टिक करायचे. वॉर्डात रेंगाळलात तर जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर, हातात सॅम्पल देऊन लॅबला पळवतो.

पेशंटचं नाव विचारू नका. ‘14 नंबर, स्प्लीन’, बेडचा नंबर आणि वाढलेली प्लीहा, एवढं बास.

आता मुख्य गोष्ट, रिफ्लेक्शन, म्हणजे आलेल्या अनुभवावर विचार करून लॉगबुकमध्ये लिहायचं टिपण. व्हॉट हॅपन्ड, सो व्हॉट, व्हॉट नेक्स्ट, असे तीन रकाने असतात. हे स्वतः लिहायचं नाही!! मी लिहिलं. आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात त्या 14 नंबरला एक आजोबा होते, स्प्लीन पार बेंबीपर्यंत आलेली, म्हणजे बघा, परीक्षेच्या दृष्टीने सोन्याची खाण. मी जवळ गेले तर मी काही बोलायच्या आत त्यांनी सदरा वर केला, उताणे झाले, गुडघे दुमडले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सगळं पाठ झालेलं त्यांना. म्हणाले, ‘‘सकाळपासनं नववी तू. दाब, पण हात लई गार हायेत गं पोरींचे.’’ मला पुढे दाबवेना. स्टूल ओढून बसले आणि तासभर त्यांच्याशी बोलले, तर कळलं की कसला आजार आहे हे त्यांना चार दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं, युनिटच्या डॉक्टरांनी नाही, आम्ही नऊ जणांनी तर नाहीच. हेच सगळं मी रिफ्लेक्शनमध्ये लिहिलं. लॉगबुकवर सही करणाऱ्या मॅडमनी अर्धं पान वाचलं, म्हणाल्या, ‘‘निबंध आहे का हा? फॉरमॅटमध्ये नाहीये. सीनियरची पीडीएफ घे, उतरवून आण.’’ मग त्या राउंडला, त्या मीटिंगला, त्या रजेवर, तीन दिवस मी केबिनबाहेर वही धरून उभी, क्लार्क म्हणतो उद्या या, आणि चौथ्या दिवशी मी पीडीएफ उतरवून नेली तर अर्ध्या मिनिटात सही, रेटिंग एम, मीट्स एक्स्पेक्टेशन्स. अहो, कसल्या एक्स्पेक्टेशन्स? एकच आईस्क्रीमचा चमचा सगळ्यांनी चाटावा तसं बॅचमधल्या प्रत्येकाच्या वहीत तेच रिफ्लेक्शन, शब्दन् शब्द, स्पेलिंगच्या चुकांसकट! आणि त्याचं नाव कॉम्पिटन्सी, म्हणजे कौशल्य!

जाऊ दे, मला आता टिप्स सुचत नाहीयेत.

मॅडम, तुम्हाला स्टाफ कमी पडतो, इन्स्पेक्शन असतं, सगळं मान्य. पण अर्धं पान वाचलं होतंत ना, मग उठून त्या आजोबांपर्यंत यायला किती वेळ लागला असता? आणि तुम्ही रे, पीडीएफ फिरवणाऱ्यांनो, प्रॉक्सी मारून कॅन्टीनमध्ये ‘इथे काही शिकवतच नाहीत’ म्हणून गळे काढता! दीडेक वर्षाने इंटर्न म्हणून रात्री दोनला वॉर्डात एकटे उभे राहाल तेव्हा कुठला ऑप्शन टिक करणार आहात? आणि मीसुद्धा शहाणी नाही, चौथ्या दिवशी मुकाट्याने उतरवलंच ना.

उद्या नऊला सही केल्यावर तिथेच थांबा. नाव विचारा. आणि पोटाला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करा जरा, दहा सेकंद लागतात.