पॅड, पेस्ट आणि मधली जाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं, यातलं निम्मं बरोबर आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसरची उष्णता त्याच्यावर बसवलेल्या धातूच्या हीटसिंकमध्ये जावी म्हणून दोघांच्या मध्ये पेस्ट किंवा मऊ पॅड लावतात. मागच्या लेखात मी ‘प्रोसेसरवर पेस्टच लावा, पॅड नको’ असं ठणकावून लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, पॅडच्या पाकिटावर १२ वॉट प्रति मीटर केल्विन (उष्णता किती सहज वाहते याचा आकडा, जास्त तितका चांगला) छापलेलं असतं, पेस्टवर ८.५. मग कमी आकड्याची, वाळणारी, हात बरबटवणारी पेस्ट कशाला? शिवाय तुम्ही स्वतः लॅपटॉपच्या प्रोसेसरवर १ मिमीचं पॅड लावलंय आणि ‘तापमान ९५ च्या वर एकदाही गेलेलं नाही’. (पेस्टवाल्यांकडून मला काय मिळतं, हेही विचारलंत. रिकाम्या सिरिंजा मिळतात, त्याही स्वतःच्या पैशाने घेतलेल्या.)

आधी तो आकडा बघू. तो पदार्थाचा गुण सांगतो. त्या पदार्थाचा थर किती जाड बसणार, हे सांगत नाही. आणि थर जितका जाड तितका उष्णतेला अडथळा जास्त. हीटसिंकचे स्क्रू आवळले की पेस्ट पसरून साधारण ५० मायक्रॉन उरते, कधी त्याहूनही कमी. तुमचं पॅड १००० मायक्रॉनचं. आता धरा, उघड्या चिपचं, म्हणजे डायचं, क्षेत्रफळ २ चौरस सेंटीमीटर आणि तिच्यातून ४५ वॉट बाहेर पडतायत. पाकिटावरच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून पेस्टला मी ४ च देतो. तुमच्या पॅडला मात्र पूर्ण १२. तरी पेस्टच्या थरात सुमारे ३ अंश जातात आणि पॅडमध्ये जवळजवळ १९. दाबाने पॅड अर्धं झालं असं मानलं तरी ९ च्या पुढेच.

आता तुमचे ९५ अंश. तापमान तिथे थांबतं ते पॅडमुळे नव्हे. बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ किंवा १०० अंश ठरवलेली असते आणि ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पुढच्या वेळी तापमानाच्या शेजारी वेगाचा, म्हणजे गिगाहर्ट्झचा आकडाही उघडा ठेवा आणि दहा मिनिटं जड काम चालवा. काटा ९५ वर चिकटलेला आणि वेग पायरीपायरीने उतरतोय असं दिसलं, तर उष्णता बहुधा पॅडपाशीच अडतेय.

पॅड मी वाईट ठरवत नाही, त्याची जागा वेगळी आहे. ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरी चिपा आणि वीजपुरवठ्याचे भाग यांची उंची मुख्य चिपपेक्षा कमी असते. तिथे हीटसिंक आणि चिप यांच्यात फट उरते, कुठे १ मिमी, कुठे २. ती भरायला पॅडच हवं. पण तिथेही जाडी चुकली की फजिती. एकदा मी १.५ मिमीच्या जागी २ मिमीची पॅडं लावली, जाड तितकं चांगलं या हिशेबाने. मेमरी थंड राहिली, मुख्य चिप मात्र आधीपेक्षा तापायला लागली. पुन्हा खोललं तर हीटसिंकवर पेस्टचा ठसा फक्त एका कडेला, नखाएवढा. बाकी पेस्ट जशी टेकवली तशीच, टेकाडासारखी उभी. जाड पॅडांनी सगळा हीटसिंकच उचलून धरला होता.

तुमचा निम्मा भाग बरोबर म्हणालो तो वाळण्याबद्दल. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, तिथे चांगली पेस्ट कित्येक वर्षं टिकते; दरवर्षी बदलायची गरज नाही. लॅपटॉपमध्ये डाय उघडी असते. सिलिकॉन आणि तांबं सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दर गरम-थंडाला पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. वर्षभराने उघडलं की मधोमध डाय जवळपास कोरडी आणि कडेने पेस्टचा बांध. पातळ पेस्टांचं हे जास्त होतं.

याला उपाय आहे आणि तो मी लेखात लिहिला नाही, ही चूक माझीच. फेज चेंज शीट, उदाहरणार्थ हनीवेलची पीटीएम ७९५०. हातात पॅडसारखी पातळ चकती, पण साधारण ४५ अंशांना ती मऊ होते, दाबाखाली पसरते आणि पेस्टइतकाच बारीक थर होऊन बसते. थंड झाली की पुन्हा घट्ट, आणि मऊ असतानाही दाट असते, त्यामुळे पेस्टसारखी कडेला सरकत नाही. लावण्याआधी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकबरोबर निम्मी चकती निघून येते. आणि प्लॅस्टिक दोन्ही बाजूंना असतं, एक काढून दुसरं विसरणारे भरपूर आहेत.

ग्रॅफाइटची शीटही चालते, पुन्हा वापरता येते. फक्त तिच्यातून वीज वाहते, म्हणून डायच्या शेजारी बारीक कपॅसिटर (विजेचे छोटे भाग) असतील तर शॉर्ट होऊ नये यासाठी कातरताना मिलिमीटरभरही बाहेर राहू देऊ नका.

तुमच्या लॅपटॉपला मी फेज चेंज शीटच लावेन. पॅड काढण्याआधी आणि शीट लावून चार-पाच वेळा तापवल्यानंतर, दोन्ही वेळचा वेग आणि तापमान इथे लिहाल का? माझा हिशेब चुकला असेल तर लेखात तसं लिहीन.